चिखलाचा रंग कोणता?

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याजवळ खाडीवर पहिल्यांदा जलरंग घेऊन बसलो, तेव्हा माझ्या चित्रातलं पाणी निळं होतं आणि चिखल चॉकलेटी. जाळं आवरणारे एक काका मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "छान आहे. कुठलं आहे?"

क्लासमध्ये वर्षभर फोटोंवरून निसर्गचित्रं केली होती. हात बसला होता, डोळा नाही.

मग एकच जागा धरली. सकाळी सातची वेळ, पोस्टकार्डाएवढा कागद, आणि ब्रश हातात घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघणं. वेळ तीच असली तरी देखावा तोच मिळत नाही, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. या आठवड्यात काठोकाठ पाणी दिसलं, तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी नुसता चिखल. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने रूआँ शहरातल्या एकाच चर्चची 30 हून अधिक चित्रं केली, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. का केली असतील, ते खाडीवर कळलं.

आणि चिखल चॉकलेटी नसतोच. पायाजवळचा काळपट असतो. दूरचा ओला चिखल आपल्याला तिरका दिसतो, म्हणून त्यात आकाश जास्त उतरतं. पारसिकच्या डोंगरावरून ऊन आलं की तिकडची पट्टी रुपेरी होते. चिखलाच्या या करड्या रंगासाठी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा: निळा जास्त पडला तर करडा थंड, सिएना जास्त तर उबदार. काळा रंग घरीच ठेवा. माझी ट्यूब अजून जवळजवळ भरलेली आहे.

ठाण्यातल्याच उपवन तलावावर मात्र सगळे संध्याकाळी जातात आणि फसतात. येऊरचा डोंगर पश्चिमेला, त्यामुळे सूर्य मावळायच्या आधीच डोंगराआड जातो आणि समोर नुसता गडद ठोकळा उरतो. सकाळी जा. ऊन समोरून डोंगरावर पडतं, झाडांचे पुंजके सुटे दिसतात.

पोत शिकायचा तर काठावर ओढून ठेवलेल्या होड्या बघा. खाली डांबर, वर सोललेला निळा, त्याखालून डोकावणारा जुना हिरवा. खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झरकन ओढला की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि सोललेलं लाकूड आपोआप दिसू लागतं. गुळगुळीत कागदावर हे जमत नाही. म्हणून रंग विद्यार्थ्यांचे घेतले तरी चालतील, कागद मात्र खरखरीत आणि जाड, 300 जीएसएमचाच घ्या. पावसाळ्यात दमट हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, लवकर सुकत नाही. घाईने दुसरा थर दिलात की डाग फुटलाच.

गेल्या महिन्यात काकांनी वही मागून घेतली. पानं उलटत एका चित्रावर थांबले. "ही आमची होडी. पण दोरी कुठाय? भरतीला वाहून जाईल ना."

दोरी मी काढलीच नव्हती.