रग्बी लीग: खेळणं सुटल्यावर कोच होताना

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामाटाच्या आसपास राहणारी आपली काही पोरं मला सारखं विचारतात, की दादा, गुडघा गेला, खांदा गेला, पण मैदान सोडवत नाही. कोच होता येईल का? येईल. पण चांगला खेळाडू आपोआप चांगला कोच होतो, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

कागदपत्रं लवकर उरका. न्यू साउथ वेल्समध्ये ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’, म्हणजे मुलांसोबत काम करण्यासाठीची सरकारी तपासणी, लागतोच. स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो आणि पाच वर्षं चालतो. कोचिंगची प्राथमिक मान्यताही अवघड नाही. पण तो अभ्यास उरकून टाकू नका, कारण डोक्याला मार लागलेल्या मुलाला बाहेर काढण्याची वेळ तुमच्यावर येणार आहे. नुसती शंका आली, तरी त्या दिवशी तो परत आत जात नाही. फायनल असली तरी नाही, बाप कुंपणावरून ओरडत असला तरी नाही.

आता खरा सापळा. खेळाडूची नजर चेंडूवर असते, आणि बाहेर उभं राहिल्यावरही ती तिथेच राहते. मी यात वाईट अडकलो होतो. सामना तंग झाला की आजही नजर तिकडेच ओढली जाते. टॅकल झाला, चेंडूवाला उठला, त्याने चेंडू पायाने मागे सरकवला, मागे उभ्या असलेल्या त्याच्या साथीदाराने, म्हणजे डमी हाफने, उचलला. एवढ्या दोन-चार सेकंदांत चेंडूकडे पाहूच नका. टॅकल करणाऱ्यांपैकी शेवटी कोण उठतो, ते पाहा. चेंडूवाल्याच्या समोर थांबणारे बचावाचे दोन खेळाडू, म्हणजे मार्कर, एकामागे एक सरळ उभे आहेत का? बाकीचे 10 मीटर मागे पोचले का? पोचून पुढे तोंड करून उभे आहेत, की अजून पाठमोरे चालताहेत?

समजा, चौथ्या टॅकलनंतर तुमचा उजवीकडचा सेकंड-रो (दुसऱ्या फळीतला फॉरवर्ड) धावत नाही, चालत मागे येतो. त्याच्या शेजारी भगदाड पडतं. ते बुजवायला त्याच्या बाहेरचा सेंटर आत सरकतो, सेंटरमागून अगदी कडेचा विंगर आत येतो. पुढच्याच टॅकलला लांब पास जातो आणि कोपऱ्यात ट्राय पडतो, म्हणजे समोरचे रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण घेतात. सगळे विंगरवर तुटून पडतात. चेंडूकडे बघणारा कोचही विंगरलाच झापतो, आणि दमलेला सेकंड-रो पुढच्या शनिवारीही तसाच चालतो. विंगरचं पोरगं मात्र मनातून खचतं. म्हणून एखाद्या पालकाला गोलपोस्टच्या मागून चित्रण करायला सांगा. बाजूने केलेलं चित्रण चेंडूच्या मागे धावतं. मागून केलं की बचावाची अख्खी रांग दिसते. परवानगी मात्र क्लबकडून आधी घ्या.

दुसरी अडचण, जे आपण अंगाने करत आलो ते तोंडाने सांगावं लागतं. घरी कबड्डी खेळलेली मुलं थेट पायाला सूर मारतात. धाडस चांगलंच आहे, पण डोकं चेंडूवाल्याच्या पुढे गेलं, तर त्याचा गुडघा कानशिलावर बसतो. डोकं मागच्या बाजूला, खांदा मांडीत, गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला. लाजू नका, असंच सांगा. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत. घाई करणाऱ्या कोचचा मला राग येतो. यूट्यूबवरून पेन्रिथसारख्या व्यावसायिक क्लबच्या शिफ्ट, म्हणजे पासामागून पास देत चेंडू कडेला नेण्याच्या चाली, उचलून बारा वर्षांच्या पोरांवर लादणाऱ्यांचा त्याहून जास्त. दोन्ही बाजूंना नीट पास देता येत नाही, तोवर शिफ्ट कसली?

गुरू शोधताना नावावर भाळू नका. ट्रेंट रॉबिन्सन वरच्या पातळीवर मोजकेच सामने खेळले. फ्रान्समध्ये कोच म्हणून कॅटलन्स ड्रॅगन्सला घडवून परतले आणि 2013 मध्ये, पहिल्याच वर्षी, सिडनी रूस्टर्सला एनआरएलचं, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक स्पर्धेचं, विजेतेपद मिळवून दिलं. क्रेग बेलामी कॅनबेराकडून खूप खेळले, तरी ब्रिस्बेनला तिथले मुख्य कोच वेन बेनेट यांच्या हाताखाली राबून मगच 2003 मध्ये मेलबर्न स्टॉर्मचे मुख्य कोच झाले. तुम्हाला पंधरा वर्षांखालच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवणारा एखादा जुना कोच मिळाला, तर त्याला सोडू नका. त्याच्यासाठी कोन लावा, पाण्याच्या बाटल्या भरा, आणि हाफटाइमला तो किती कमी बोलतो ते ऐका.

नोकरी सोडू नका, हे स्पष्टच सांगतो. एनआरएलमध्ये 17 क्लब आहेत, म्हणजे मुख्य कोचच्या जागाही तेवढ्याच. स्थानिक क्लबात बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत. पण जागा मिळते, आणि नवख्याला सहसा कुणी हाकलत नाही. सीझन संपल्यावर पुढच्या वर्षीच्या कोचांची जमवाजमव सुरू होते, तेव्हाच सेक्रेटरीला गाठा. सहायक म्हणून नाव द्या, आणि विचारलंच तर सगळ्यात लहान वयाचा गट मागून घ्या.