'सुगम्य फाइल' मागताना आणि करताना लागणारे शब्द

हल्ली शाळा, पतसंस्था, अगदी ग्रामपंचायतीसुद्धा छपाईचं काम देताना 'फाइल सुगम्य हवी' असं सांगू लागल्या आहेत. सुगम्य म्हणजे ज्यांना दिसत नाही, कमी दिसतं किंवा ऐकू येत नाही, त्यांनाही वापरता येईल अशी. वरून आलेल्या पत्रात तो शब्द असतो, तो तसाच आमच्या टेबलावर येतो. पुढे काय करायचं हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतंच असं नाही. मी मिरजेत डीटीपीचं काम करते. अहवाल, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, संगीत सभांची निमंत्रणं असं सगळं येतं. आमच्याकडे गायन शिकवणारे एक सर येतात, त्यांना दिसत नाही. आपल्या क्लासच्या फाइली ते लॅपटॉपवर स्वतः ऐकून तपासतात आणि मगच पसंत करतात. त्यांच्या शेजारी बसून हे शब्द मला कळत गेले, त्याच ओघात सांगते.

प्रत्येक शब्दापाशी एकच प्रश्न धरून ठेवा. पडद्यावर काय दिसतंय हे राहू द्या, फाइलीच्या आत काय आहे?

स्क्रीन रीडर

पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे स्क्रीन रीडर. विंडोजवर एनव्हीडीए आहे, तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासून असतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पुढचं वाचण्याआधी आपल्या फोनवर टॉकबॅक सुरू करून बघा. सेटिंग्जमध्ये 'सुलभता' किंवा 'ॲक्सेसिबिलिटी' या नावाखाली तो सापडेल. सुरू केल्यावर फोन वेगळा वागतो, घाबरू नका. एकदा टेकवलं की ती गोष्ट फक्त वाचली जाते, उघडायची असेल तर लागोपाठ दोनदा टेकवायचं. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट येते आणि पान वर-खाली करायला दोन बोटं लागतात. बंद करतानाही असंच टेकवावं आणि सरकवावं लागतं, म्हणून ही रीत आधी नीट ध्यानात ठेवा. मग तुमच्याच संस्थेची पीडीएफ उघडा आणि डोळे मिटून ऐका.

युनिकोड, कर्व्ह आणि ओसीआर

मराठीत सगळ्यात जास्त अडतं ते इथे, म्हणून इथे जरा थांबू या.

युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला दिलेला स्वतःचा क्रमांक. युनिकोडमध्ये टाइप केलेला 'म' फाइलीतही 'म' म्हणूनच साठतो. जुन्या फॉन्टमध्ये तसं नसतं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की फाइलीत साठतात ती ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. बघणाऱ्याला 'मराठी' दिसतं आणि ऐकणाऱ्याला अर्थहीन इंग्रजी ऐकू येतं. शोधायला गेलं तरी तो शब्द सापडत नाही. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्यातली युनिकोडची सोय निवडावी. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालावेच लागतात.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. कोरलड्रॉमधली फाइल प्रेसला देताना आम्ही अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकतो. फॉन्ट नसला तरी छपाई बिघडत नाही, त्यामुळे प्रेससाठी ते योग्यच आहे. पण कर्व्ह केल्यावर फाइलीत एकही अक्षर उरत नाही. जेपीजी आणि स्कॅन केलेली पीडीएफ यांचंही तसंच. म्हणून छपाईची फाइल वेगळी आणि वाचायची फाइल वेगळी, असं काम घेतानाच ठरवा. मूळ फाइल हरवली असेल तर ओसीआर वापरायचा. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं हे तंत्र आहे. स्वच्छ छपाई असेल तर मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. तरी प्रूफ वाचल्याशिवाय ते पुढे देऊ नये.

तपासायचं कसं? पीडीएफमधला 'विद्यार्थी' हा शब्द असलेली ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कॉपीच होत नसेल तर ते चित्र आहे. इंग्रजी अक्षरं आली तर फॉन्ट जुना आहे. तिसरी शक्यता फसवी असते. मराठीच येतं, पण वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली किंवा रफार गायब. 'वि'ची वेलांटी दिसते आधी, पण साठते 'व'च्या नंतर. 'र्थी'वरचा रफार दिसतो वर, पण त्यातला 'र' साठतो 'थ'च्या आधी. काही सॉफ्टवेअर पीडीएफ करताना हा साठवणीचा क्रम नीट लिहीत नाहीत. अशा वेळी पीडीएफशी झगडत बसण्यापेक्षा सोबत वर्डची फाइल द्यावी. सरांना ती जास्त सोयीची पडते, असा माझा अनुभव आहे.

हेडिंग, टॅग, तक्ता

चाळीस पानी अहवालात आपण ठळक अक्षरं बघत पानं उलटतो. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस हेडिंगवरून उड्या मारत जातो. एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे टाइप न करता नुसतं वाचत फिरण्याच्या पद्धतीत, एच हे अक्षर दाबलं की पुढचं हेडिंग येतं. मात्र ते हेडिंग वर्डच्या स्टाइलमधून 'हेडिंग १', 'हेडिंग २' असं दिलेलं हवं. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं तर फाइलीच्या दृष्टीने तो साधा परिच्छेदच राहतो.

टॅग म्हणजे पीडीएफच्या आतल्या न दिसणाऱ्या खुणा. हे हेडिंग, हा परिच्छेद, ही यादी, हे त्या सांगतात. वर्डमधून 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ करा आणि पर्यायांत सुगम्यतेसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची खूण आहे ना, ते बघा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की टॅग गळून पडतात.

तक्ता खरा तक्ता म्हणून घाला. स्पेसबार दाबून आकडे एकाखाली एक आणले तर 'जमा' कुठलं आणि 'खर्च' कुठला हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि लिंकवर 'येथे क्लिक करा' असं लिहू नका, 'प्रवेश अर्ज डाउनलोड करा' असं लिहा. कारण लिंकांची यादी काढून ऐकता येते आणि त्या यादीत दहा वेळा 'येथे क्लिक करा' आलं तर त्याचा काय उपयोग?

ऑल्ट टेक्स्ट

चित्राच्या जागी वाचला जाणारा मजकूर म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, पर्यायी मजकूर. वर्डमध्ये चित्रावर राइट क्लिक केलं की तो पर्याय मिळतो.

शाळेच्या अहवालात सहलीचा फोटो आहे असं धरा. 'फोटो' किंवा 'सहल' एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'सतारमेकर गल्लीतल्या कारखान्यात सातवीची मुलं तंबोऱ्याचा भोपळा हातात घेऊन बघत आहेत, शेजारी कारागीर समजावून सांगत आहेत' हे पुरेसं झालं. मुलांच्या शर्टाचा रंग इथे नको. हाच फोटो तंबोरा कसा घडतो या लेखात असेल तर भर भोपळ्यावर आणि कारागिराच्या हातातल्या हत्यारावर हवा. चित्र तिथे कशासाठी लावलंय, ते ऑल्ट टेक्स्टने सांगायचं. सुरुवात 'चित्रात दिसते की' अशी करू नका, हे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. कडेची वेलबुट्टी असेल तर ती 'डेकोरेटिव्ह' अशी खूण करून टाका. आलेख असेल तर त्यातले आकडे खाली तक्त्यात द्या.

व्हॉट्सॲपवर पाणीपुरवठ्याची सूचना जेपीजी करून फिरवली जाते, तेव्हा चित्राखाली सगळा मजकूर टाइप करा. वार, वेळ, प्रभाग, सगळं. कमी दिसणाऱ्या वृद्धांनाही तो मोठा करून वाचता येतो.

कॉन्ट्रास्ट आणि डब्ल्यूसीएजी

अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. पांढऱ्यावर काळं असलं की तो २१:१ भरतो. साध्या अक्षरांना किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ हवा. पांढऱ्यावर पिवळं यात कधीच बसत नाही. रंग मोजून देणारी साधनं नेटवर फुकट आहेत. अर्थ नुसत्या रंगावरही सोपवू नका. 'लाल नावांनी फी भरलेली नाही' असं असेल तर शेजारी 'बाकी' हा शब्द घाला.

हे आकडे डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतले आहेत. डब्ल्यूथ्रीसी ही संस्था ती काढते आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तिच्या तीन पातळ्या आहेत. कामाच्या अटींत बहुतेक वेळा डबल ए मागतात. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२वं कलम माहिती आणि माध्यमं सुगम्य ठेवायला सांगतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यामुळे ग्राहक जेव्हा 'जमलं तर करा' म्हणतो, तेव्हा मी हे कलम त्याला सांगते.

व्हिडिओ असेल तर

सबटायटल आणि कॅप्शन लोक एकच समजतात. सबटायटल हे ज्याला ऐकू येतं पण भाषा कळत नाही त्याच्यासाठी असतं, म्हणून त्यात फक्त बोलणं येतं. कॅप्शन ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी असतं, म्हणून त्यात आवाजही लिहावे लागतात. सभेच्या व्हिडिओत '[तंबोरे जुळवले जातात]', '[राग यमन, विलंबित]', '[श्रोत्यांतून दाद]' अशा ओळी हव्यात. बोलणारा पडद्यावर नसेल तर त्याचं नावही द्यावं. क्लोज्ड कॅप्शन बघणाऱ्याला बंद-चालू करता येतं, ओपन कॅप्शन चित्रातच कोरलेलं असतं. क्लोज्डसाठी एसआरटी नावाची साधी मजकूर फाइल लागते. त्यात क्रमांक, मग '००:००:०५,००० --> ००:००:०८,०००' अशी वेळ (हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करायचे) आणि खाली ओळ. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, एएनएसआय ठेवलंत तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. यूट्यूबने आपोआप केलेली कॅप्शन मसुदा म्हणून घ्या, पण गावांची आणि माणसांची नावं हाताने दुरुस्त करा.

ध्वनिवर्णन म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते थोडक्यात सांगायचं. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी कॅप्शन आणि ध्वनिवर्णन द्यायला सांगितलं, तेव्हा हा शब्द बातम्यांत आला. आपल्या छोट्या व्हिडिओत निवेदकाने मुळातच 'हे बघा, इथे' न म्हणता 'डाव्या हाताची खुंटी पिळतोय' असं बोललं, तर वेगळं वर्णन फारसं लागत नाही.

भारतीय सांकेतिक भाषा, म्हणजे आयएसएल, ही हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण स्वतंत्र आहे. अनेक कर्णबधिरांची ती पहिली भाषा असते आणि लिहिलेली मराठी दुसरी, म्हणून कॅप्शन दिलं तरी दुभाष्याची गरज संपत नाही. दुभाष्याची चौकट कोपऱ्यात तिकिटाएवढी करू नका. चेहरा आणि कमरेपर्यंतचे हात स्पष्ट दिसायला हवेत, कारण चेहऱ्यावरचे भाव हा त्या व्याकरणाचाच भाग आहे. त्या चौकटीवर लोगो किंवा धावती पट्टी येऊ देऊ नका.

पैसे कमी असतील तर आधी ट्रान्स्क्रिप्ट करा, म्हणजे बोलणं आणि महत्त्वाचे आवाज लिहून काढलेला सलग मजकूर. तो युनिकोडमध्ये हवा, हे वेगळं सांगायला नको. त्यावरूनच कॅप्शनच्या ओळी पाडता येतात, दुभाष्याला तयारीसाठी तोच देता येतो आणि ज्यांना दिसत नाही व ऐकूही येत नाही, ते तो ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचू शकतात.