व्हाळावर लहान पूल घालताना

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, १२ मीटरचा पूल घालायचा होता, तेव्हा मी साइटवर अगदी नवखा. मार्चमध्ये गेलो तर घोट्याएवढं पाणी. झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा बघून पुराची रेषा ठरवली, लेव्हल घेतली, म्हणजे तिची उंची मोजली, आणि निघालो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींना पाणी सोडणाऱ्या आजोबांनी हाक मारली. “बाबा, पाणी तिथं थांबत नाही. माझ्या तुळशीच्या पायरीला लागलेलं मी पाहिलंय.” पायरीवर स्टाफ, म्हणजे उंची मोजायची खुणांची पट्टी, धरला. आमच्या रेषेपेक्षा १.४ मीटर वर!

म्हणून पहिलं काम हेच. दोन्ही काठांवरच्या तीन-चार घरांत वेगवेगळं विचारा आणि दाखवलेल्या प्रत्येक खुणेची लेव्हल घ्या. खुणा जुळल्या तर ती पूरपातळी. मग व्हाळाचा आडवा छेद आणि उतार मोजून मॅनिंगच्या सूत्रानं विसर्ग, म्हणजे पुरात दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढा. तो सेकंदाला ३० ते ३०० घनमीटर निघाला, तर पूरपातळीच्या वर स्लॅबच्या तळापर्यंत ९०० मिलिमीटर मोकळे सोडायचे. घाटातून वाहत येणारी झाडं आणि बांबूची बेटं तिथूनच जातात, इथं काटकसर नको.

खरी डोकेदुखी पायाची. पुरात खांबाभोवती पाणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि तळाची वाळू उपसून नेतं. पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा भरतो, त्यामुळे मार्चमध्ये सगळं सपाट दिसतं. यालाच स्कावर म्हणतात. त्याची खोली पूरपातळीपासून खाली मोजतात. स्कावरच्या वेगळ्या सूत्रानं सरासरी खोली निघते, ती खांबाजवळ दुप्पट आणि अबटमेंटजवळ, म्हणजे काठावरच्या टोकाच्या आधारभिंतीजवळ, १.२७ पट धरायची. पाया त्याच्याही खाली जायला हवा. कठीण खडक लागला तर मात्र त्यात ०.६ मीटर शिरलं की पुरे, मऊ खडकात १.५ मीटर.

पण खडक कशाला म्हणायचं? आमच्या खड्ड्यात जांभा लागला आणि मुकादम खूश झाला. मी पहार मारून पाहायला सांगितली. दीड हातावर ती खस्सकन आत गेली, खाली पांढुरकी मऊ माती! आपल्याकडे जांभ्याखाली ती सर्रास असते. बोअर घेऊन खालचे थर पाहिल्याशिवाय पायाचं चित्र काढू नका.

पाया ऑक्टोबरनंतर, पाणी उतरल्यावर उघडायचा आणि मे संपायच्या आत खांब पूरपातळीच्या वर काढायचे. या मधल्या महिन्यांत रेती आणि खडी वेळेवर येणं हे वेगळंच प्रकरण.

भरतीचं पाणी पोचतं तिथं खारटपणाचं बघा. १९८६ साली मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा गंजाचंच नाव पुढं आलं. काँक्रीट कालवायला आणि त्यावर मारायला गोडंच पाणी हवं. पायाच्या काँक्रीटमध्ये सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ठेवा, आणि ओतण्याआधी स्वतः वाकून बघा. आमच्याकडे हे अंतर राखणारे कव्हर ब्लॉक संपले म्हणून गवंड्यानं सळईखाली जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे सरकवले होते. पाणी शोषणारा दगड तो! मिक्सर फिरत असतानाच सगळे काढायला लावले.