शाळेच्या रेंडरमध्ये खिडक्यांचे गज दातेरी दिसत होते: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं बाहेरचं दृश्य ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करत होतो. जांभ्याच्या भिंती ठीक, पण खिडक्यांचे गज दातेरी, काही एकमेकांत घुसलेले. नॉर्मल्स (पृष्ठभागांच्या दिशा) सुधारले, सॅम्पल्स (चित्राची सफाई ठरवणारा आकडा) वाढवले. दोन रात्री पाण्यात.

कारण सर्व्हेच्या नकाशात निघालं. मॉडेल त्याच नकाशाच्या आकड्यांवर उभं होतं. यूटीएम म्हणजे जागा मीटरमध्ये मोजायची नकाशा-पद्धत; तिच्या झोन ४३ मध्ये आपला भाग मूळबिंदूपासून उत्तरेला सुमारे १७.३ लाख मीटर. ब्लेंडर ३२-बिट आकड्यांवर चालतं, म्हणजे आकड्याचे साधारण पहिले सातच अंक नेमके धरतं. इतक्या लांब बिंदू १२.५ सेंमीच्या टप्प्यांवरच बसतात. गज तर बोटाएवढा!

मग नकाशा होता त्या कॅडमध्ये (आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधी सगळे लेयर अनलॉक केले, म्हणजे काही मागे राहायला नको. सगळं निवडून मूव्ह, आधारबिंदू कंपाउंडचा कोपरा, दुसरा बिंदू #०,०,०, म्हणजे थेट मूळबिंदू (# विसरलात तर शून्य अंतर धरलं जातं आणि काहीच हलत नाही). नव्या नावाने सेव्ह करून ब्लेंडरच्या रिकाम्या फाइलमध्ये पुन्हा आणलं. आधीचं मॉडेल ब्लेंडरमध्ये नुसतं सरकवू नका, बिघडलेले बिंदू तसेच राहतात.