नेमबाजीसाठी काउबॉय रिव्हॉल्व्हर निवडताना या चुका टाळा

बंदुकीच्या दुकानात .२२ चे (म्हणजे इंचाच्या बावीस शतांश व्यासाच्या गोळीचे) साधे रिव्हॉल्व्हर पाहायला गेलेला माणूस साडेसात इंची नळीचे, अक्रोडाच्या मुठीचे ४५ कोल्ट घेऊन बाहेर पडतो, असे मी ॲरिझोनात अनेकदा पाहिले आहे. पहिल्या वेळी तो माणूस मीच होतो. काचेच्या कपाटातून काढून हातात दिलेले हे रिव्हॉल्व्हर असे काही तोलून बसते की विचारायचे प्रश्न विचारायचेच राहून जातात. ते प्रश्न मग पैसे मोजून झाल्यावर रेंजवर एकेक करून पुढे येतात: गोळ्या कागदावर खाली का लागतात, सिलिंडर (काडतुसे बसतात तो फिरता भाग) मध्येच का अडतो, घोडा (काडतुसावर आघात करणारा हातोडीसारखा भाग) पडूनही काडतूस का उडत नाही. यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ खरेदीच्या दिवशीच पडलेले असते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी त्याही आधीची एक चूक टाळावी. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तिथल्या संघीय कायद्यानुसार सामान्यतः बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला ठळक अपवाद आहे. मित्राच्या बंदुकीने रेंजवर चार गोळ्या झाडून पाहण्यालाही हा निर्बंध लागू पडू शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण येत नाही, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्यामुळे शंका असल्यास वकिलाला विचारूनच दुकानात पाऊल ठेवावे.

आता मुख्य विषयाकडे. काउबॉय रिव्हॉल्व्हर म्हणजे सिंगल ॲक्शन, आणि त्यात प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. चाप केवळ तो सोडण्याचे काम करतो. या घडणीचा नमुना म्हणजे कोल्टचे सिंगल ॲक्शन आर्मी, जे अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारले. घोडदळाच्या स्वाराला पळत्या घोड्यावरून जवळच्या शत्रूवर झाडता यावे, यासाठी ते बनवले होते. म्हणून त्याची पुढची साइट (नेम धरण्याची खूण) म्हणजे नळीवरचे एक पाते आणि मागची साइट म्हणजे चौकटीच्या माथ्यावर कोरलेली एक अरुंद खाच, एवढेच होते. सरकवता येण्यासारखे त्यात काहीच नव्हते. कागदावर नेम धरणाऱ्यांना ही उणीव तेव्हाही जाणवली होती, म्हणूनच कोल्टने १८८८ मध्ये सपाट माथ्याचे, मागची साइट सरकवता येणारे टार्गेट मॉडेल काढले आणि १८९४ मध्ये इंग्लंडातल्या बिस्ली या प्रसिद्ध रेंजचे नाव दिलेले, वेगळ्या मुठीचे मॉडेल आणले. नेमबाजीसाठी हे रिव्हॉल्व्हर बदलावे लागते, ही गोष्ट बनवणाऱ्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. ग्राहक मात्र अजून दिखाऊपणावर जातो.

कशावर झाडणार, हे न ठरवता खरेदी करणे

काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांत, म्हणजे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी होणाऱ्या सामन्यांत, रिव्हॉल्व्हरची पोलादी लक्ष्ये साधारण ७ ते १० यार्डांवर असतात आणि ती चांगली मोठी असतात. तिथे वेग महत्त्वाचा असतो, स्पर्धेच्या काही वर्गांत स्थिर साइटच लागते आणि शिशाच्या मंदगती गोळ्याच चालतात. कागदी वर्तुळाच्या मध्यावर नेम धरायच्या बुल्सआय या पारंपरिक अमेरिकी सामन्यात अंतर २५ आणि ५० यार्ड असते, आणि जलद फेरीत १० सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. दर गोळीला घोडा ओढणाऱ्याची त्या फेरीत फरफट होते. म्हणून सिंगल ॲक्शनवर कागदाची हौस भागवायची असेल, तर सावकाश झाडायच्या, वेळेचा धाक नसलेल्या नेमबाजीसाठीच ते घ्यावे. तिथे ते फार समाधान देते.

साइटची चूक, आणि कानशीची

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. स्थिर साइटचे रिव्हॉल्व्हर कारखान्यातून येताना कुठल्यातरी एका वजनाच्या आणि वेगाच्या गोळीला अंदाजे जुळवलेले असते. तुम्ही तीच गोळी वापराल याची खात्री नसते. रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि मंद गोळी कागदावर वर लागते आणि हलकी, वेगवान गोळी खाली लागते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. कारण असे की धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जात असतानाच गोळी नळीतून जात असते, आणि मंद गोळी नळीत जास्त वेळ राहिल्यामुळे बाहेर पडेपर्यंत तोंड अधिक वर गेलेले असते.

माझे पहिले रिव्हॉल्व्हर २०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळ्या २५ मीटरवर सुमारे ७५ मिलिमीटर खाली टाकत असे. उपाय पुस्तकी होता: पुढची साइट कानशीने कमी केली की नेमबाज नकळत नळी वर धरतो आणि गोळी वर जाते. किती घासायचे याचा हिशोबही सोपा आहे. कागदावरची चूक गुणिले दोन साइटमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. माझ्या बाबतीत ७५ गुणिले १६५, भागिले २५,००० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे कानशीचे मोजके हात. मी मात्र उत्साहाने घासत राहिलो, आणि दोन महिन्यांनी स्वस्त मिळाल्या म्हणून २५० ग्रेनच्या मंद गोळ्या आणल्या. आता नेम काळ्या वर्तुळाच्या मध्यावर आणि भोके त्याच्या चार बोटे वर, असा प्रकार सुरू झाला. घासलेले पोलाद परत येत नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून पात्यावर भर घालून घ्यावी लागली.

त्यामुळे कानस हातात घेण्याआधी कायम वापरायची गोळी ठरवावी, रेतीच्या पिशवीवर हात टेकवून किमान तीन-चार गट (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके) झाडावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हाती ते रिव्हॉल्व्हर देऊन पाहावे. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जात असतील, तर दोष बहुधा चाप झटकण्याच्या सवयीत असतो, आणि त्या सवयीवर कानशीचा उपाय नाही. या सगळ्या उपद्व्यापातून सुटण्याचा मार्ग म्हणजे मुळातच सरकती साइट असलेले रिव्हॉल्व्हर घेणे. रुगरचे १९५५ पासून बनणारे ब्लॅकहॉक हे त्याचे सहज मिळणारे उदाहरण आहे. त्याच कंपनीचे १९९३ चे व्हॅकेरो दिसायला अधिक अस्सल आहे, पण त्याच्या साइट स्थिर आहेत. कागदासाठी पहिले घ्यावे आणि पोलादासाठी दुसरे. सरकत्या साइटबाबत एवढेच लक्षात ठेवावे की मागची साइट ज्या दिशेला सरकते त्याच दिशेला गोळी जाते आणि पुढच्या साइटचे नेमके उलट असते.

काडतुसाचा मोह

४५ कोल्टला इतिहास आहे, धूर आहे, आवाज आहे. पण शिकणाऱ्याला लागतात त्या हजारो गोळ्या, आणि त्या .२२ लाँग रायफल या काडतुसातच परवडतात. .२२ मध्ये धक्का जेमतेमच असल्यामुळे चाप ओढताना आपण काय करतो ते उघडे पडते. लाँग रायफल आणि जास्त ताकदीचे मॅग्नम अशा दोन काडतुसांच्या दोन सिलिंडरसह मिळणाऱ्या .२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफल घालू नये. मॅग्नमचे कवच (काडतुसाची धातूची नळी) व्यासाने मोठे असते, त्यामुळे लाँग रायफलचे बारीक कवच त्यात फुगून फाटते.

मोठे काडतूस हवेच असेल तर ३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात ३८ स्पेशल झाडणे हा सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे. त्यात एक खोच आहे. ३८ चे कवच ३५७ पेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर आखूड असते, म्हणून त्याच्या तोंडापुढे चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात, काजळी आणि शिशाचे कडे साचते. काही शे गोळ्यांनंतर ३५७ चे काडतूस पूर्ण आत बसेनासे होते आणि मालक समजतो की चेंबरच बिघडले. ते अंगठ्याने ढकलून बसवू नये. ब्रश आणि सॉल्व्हंटने कडे काढावे.

स्वतः काडतुसे भरणाऱ्यांसाठी ४५ कोल्टमध्ये खरा धोका आहे. काळ्या दारूसाठी घडवलेल्या त्या प्रशस्त कवचात आजच्या वेगवान दारूची मात्रा तळाशी कुठेतरी पडलेली असते आणि दुप्पट मात्राही आत मावून जाते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक कवचात उजेडात डोकावून पाहणे, याला पर्याय नाही. भरणीच्या पुस्तकांत ब्लॅकहॉकसारख्या भक्कम चौकटीसाठी दिलेल्या वेगळ्या मात्रा कोल्टच्या प्रतिकृतींत कदापि वापरू नयेत.

मूठ

पुण्यात किंवा कोल्हापुरात १० मीटर एअर पिस्तूल शिकून आलेल्यांना मनगट घट्ट बांधून धरणाऱ्या, हाताच्या मापाने कोरलेल्या मुठीची सवय असते. काउबॉय रिव्हॉल्व्हरची नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ धक्क्यासरशी तळव्यात फिरते आणि नळी वर जाते. ती तशी फिरावी अशीच तिची घडण आहे. ती आवळून रोखू पाहणाऱ्याचे गट पसरतात. करायचे ते एवढेच की घोडा ओढताना मूठ प्रत्येक वेळी त्याच जागी परत आणायची, आणि घोडा जड असून लांबून पडत असल्यामुळे चाप सुटल्यावरही साइटवरची नजर क्षणभर हलू द्यायची नाही. हात मोठा असेल किंवा धक्का बोचत असेल, तर बिस्ली वळणाची मूठ दुकानात धरून पाहावी.

पाच की सहा

जुन्या कोल्ट पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना त्याचे टोक काडतुसाच्या बुडावर टेकलेले असते, आणि ते हातातून पडले तर गोळी सुटू शकते. म्हणून त्यात पाचच काडतुसे भरतात: एक भरायचे, एक घर सोडायचे, चार भरायची, घोडा पूर्ण ओढून रिकाम्या घरावर अलगद उतरवायचा. रुगरने १९७३ पासून ट्रान्स्फर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) बसवला, त्यामुळे त्यांच्या नव्या मॉडेलांत सहा काडतुसे भरता येतात. काउबॉय सामन्यांत मात्र सर्वांनाच पाचचा नियम पाळावा लागतो. जुने रुगर हाती आले, तर त्यात ही सुधारणा झाली आहे का ते आधी पाहावे.

कोल्ट पद्धतीत भरण्यासाठी घोडा अर्ध्या ताणावर ठेवतात. तिथूनच तो खाली सोडण्याची सवय सिलिंडरभोवती ओरखड्याचे कडे उमटवते. घोडा नेहमी पूर्ण मागे नेऊनच उतरवावा.

रेंजवर अडले तर

घोडा पडला पण काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच रिकामे करावे. नव्या इटालियन प्रतिकृतींत याचे एक गमतीदार कारण आढळते. त्यांतल्या काहींच्या बेस पिनला (सिलिंडर ज्यावर फिरतो त्या दांडीला) दोन खाचा असतात आणि दुसऱ्या खाचेपर्यंत आत ढकलल्यास पिनचे मागचे टोक घोड्याला पूर्ण पडू देत नाही. ती सुरक्षेची सोय आहे. साफसफाईनंतर पिन जोरात दाबून बसवणारा मालक मग दुकानदाराला फोन लावतो. त्याउलट धक्क्याने पिन पुढे सरकत असेल, तर तिची खिटी सैल झालेली असते. घोड्याची स्प्रिंग हलकी करून घेतली असल्यास आधी ती मूळची बसवून पाहावी.

सिलिंडर अडत असेल तर बेस पिनवरची काजळी, कवचाच्या बुडातून वर राहिलेला प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) आणि धक्क्याने पुढे सरकलेली गोळी या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. कोल्ट पद्धतीचे स्क्रू झाडताझाडता सैल होतात, तेव्हा नेमक्या मापाचा पेचकस पेटीत असावा.

जुने रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने दुकानातच, रिकामे असल्याची खात्री करून आणि दुकानदाराची परवानगी घेऊन, घोडा अगदी सावकाश मागे ओढून पाहावे. प्रत्येक घराच्या वेळी सिलिंडर घोडा पूर्ण ताणावर पोचेपर्यंत खटकन बंद झाला पाहिजे. एखाद्या घराला तो बोटाने पुढे ढकलावा लागला, तर आतली झिज सुरू झालेली आहे. मग चौकटीवरचे स्क्रू पाहावेत. त्यांची डोकी चेचलेली असतील, तर घरातल्या कुठल्याशा पेचकसाने कोणीतरी आत हात घातलेला आहे आणि चापाचे वजनही बहुधा त्यानेच कमी केले आहे. असे रिव्हॉल्व्हर किंमत कितीही उतरवली तरी परत कपाटात ठेवायला सांगावे.