स्नोमोबाइलच्या कूलिंगमध्ये बदल करताय? आधी ही यादी, आणि हवा काढायला विसरू नका

लगेच पाना हातात घेणार असाल तर त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नवा रेडिएटर, जादा कूलर, लांब होज, काहीही जोडा, शेवटी सिस्टिममधली हवा काढावीच लागते. पूर्ण काढावी लागते, आणि एकदा काढून भागत नाही. बाकी काही इकडेतिकडे झालं तर गाडी कुरकुरते, हे राहिलं तर इंजिन जातं. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं म्हणून ही यादी लिहितोय. पुढेही मध्येमध्ये हे येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

गाडी मुळात धड आहे का, इथून सुरुवात. भुसभुशीत ताज्या बर्फातही ती तापत असेल तर तिला जादा कूलर नको, दुरुस्ती हवी. अडकलेला थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप), झिजलेला पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र), दाब न धरणारी कॅप, मऊ पडलेले होज, हे आधी बघा. इंजिन चालू असताना कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीत बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केटवर (सिलिंडरच्या माथ्याखालच्या सीलवर) संशय घ्या. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असेल तर कितीही मोठा रेडिएटर लावा, फरक पडणार नाही. टू-स्ट्रोक इंजिन लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) चालत असेल तर पिस्टन तापतो आणि तापमानाच्या काट्यावर ते दिसेलच असं नाही. त्याचं औषध इंधनाच्या बाजूला आहे, पाण्याच्या नाही. फॅन-कूल्ड गाडीवाल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तुमच्याकडे पाणीच नाही. फॅनला पट्टा असेल तर तो, फिन्समधली घाण आणि इंजिनभोवतीचे पत्रे एवढं बघा.

आता ही गाडी थंड होते कशी, हे समजल्याशिवाय पैसे खर्च करू नका. बहुतेक लिक्विड-कूल्ड स्नोमोबाइलना कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. ट्रॅकच्या (गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) वर, टनेलच्या (ट्रॅकवरच्या धातूच्या छताच्या) आत ॲल्युमिनियमचे कूलर असतात. ट्रॅक फिरताना बर्फाचा भुगा वर उडवतो, तो कूलरला लागून वितळतो आणि उष्णता घेऊन खाली गळतो. खरं काम थंडी करत नाही, वितळणं करतं. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशावरचंच पाणी व्हायला 334 किलोज्यूल लागतात. तेच पाणी पुढे 50 अंशांपर्यंत तापवायला साधारण 209. म्हणून ‘बाहेर उणे वीस आहे, इंजिन कसलं तापतंय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गोठलेल्या तळ्यावर किंवा दाबून टणक झालेल्या ट्रेलवर उणे वीसमध्येही काटा चढतो, कारण वर उडायला भुगाच नसतो. गवतावर ड्रॅग रेस करणारे तर गाडीत बर्फाच्या पाण्याची टाकी बसवतात, ते याच कारणासाठी.

म्हणून आधी भुगा कूलरपर्यंत पोहोचवा, मग कूलर वाढवा. पहिली खरेदी स्क्रॅचरची. रेलवर (ट्रॅकच्या आतल्या लांब दांड्यांवर) बसणारे स्प्रिंगचे किंवा केबलचे दोन आकडे, टोक कडक बर्फावर घासत जातं, भुगा सुटतो, ट्रॅक तो उचलतो. अर्ध्या लोकांचं दुखणं इथेच संपतं आणि कूलंटला हातही लावावा लागत नाही. पण बसवताना घाई नको. सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेल्यावर आकडा ट्रॅकच्या लगमध्ये (रबरी दात्यांत) अडकत नाही ना, हे गाडी दाबून बघा, अंदाजाने नाही. डावा-उजवा वेगळा असतो, उलटे बसवू नका. स्प्रिंगच्या जाड तारेचे जुने स्क्रॅचर खाली सोडून गाडी मागे घेतली की तुटतात किंवा वाकतात. केबलवाले सहसा सोसतात. खोल बर्फात ते वर अडकवून ठेवा, तिथे त्यांची गरज नाही. एक जोडी जास्तीची जवळ असू द्या.

मागचा फ्लॅप कुणी कापला असेल तर आधी मूळ लांबीचा लावा. दिसायला बरं म्हणून किंवा मागे घेताना ट्रॅकखाली येतो म्हणून लोक तो छाटतात आणि मग गाडी तापते म्हणून रेडिएटर शोधत बसतात. उडालेला भुगा टनेलमध्ये अडवून मागच्या कूलरकडे वळवणं हे त्या रबराच्या तुकड्याचं काम आहे. ट्रॅकचे लग झिजून बुटके झाले असतील तर तेही भुगा कमी उडवतात. रेलखालच्या प्लॅस्टिकच्या स्लाइडही बर्फाच्याच ओलाव्यावर चालतात. त्या वितळल्यासारख्या, चकचकीत झालेल्या दिसल्या तर समजा कूलरलाही बर्फ मिळत नव्हता. काटा बघण्याआधी ही खूण बघायची सवय लावा.

एवढं करूनही भागत नसेल तरच रेडिएटर. त्याची जागा ठरवताना पहिला प्रश्न हवा कुठून येणार हा नाही, गरम झालेली हवा कुठे जाणार हा आहे. हूडखाली कोंडली तर ती एअरबॉक्समध्ये (इंजिनला हवा देणाऱ्या डब्यात) जाते, क्लचच्या पट्ट्याला भाजते, आणि पाणी थंड करण्याच्या नादात पट्टा तुटतो. हूडला बाहेर जायची जाळीदार वाट ठेवा. रेडिएटर ओळीत जोडा, म्हणजे सगळं पाणी त्यातून गेलंच पाहिजे. टी-जोड देऊन फाटा काढला तर पाणी सोपी वाट धरतं आणि नवा रेडिएटर शोभेला उरतो. फिटिंगचं भोक मूळ होजपेक्षा लहान नको. आणि होजचा मार्ग आखताना कुठेही उंच कमान करू नका. भरायच्या तोंडापेक्षा वर गेलेली प्रत्येक कमान म्हणजे हवा धरून बसायची जागा. टाळता येणारच नसेल तर त्या उंच जागी ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) बसवा. नंतर नाही, आत्ताच, होज कापताना.

जादा कूलर टनेलमध्ये लावणार असाल तर ट्रॅकला स्टड (पकडीसाठीचे धातूचे खिळे) आहेत का बघा. वेगात ट्रॅक फुगतो, आणि उभ्या गाडीत मोजलेलं अंतर तेव्हा राहत नाही. स्टड कूलरला लागला की ॲल्युमिनियम चिरतं आणि कूलंट बर्फावर सांडतं. टनेल प्रोटेक्टर लावा, कंजुषी नको. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टर काढा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. ‘प्रवाह मोकळा होतो’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापतो आणि फुगतो; भोवतीचं पाणी गोठवणारं थंड राहिलं तर सिलिंडर तेवढा फुगत नाही आणि पिस्टन घासून जाम होतो. गरम होऊन सीझ होण्याच्या भीतीने गार राहून सीझ! जास्त कूलिंग लावलेल्या गाडीला हा धोका जास्तच, म्हणून ताज्या बर्फात रेडिएटर झाकायला एक कापडी पडदा ठेवा आणि थ्रॉटल ओढण्याआधी इंजिन नीट गरम होऊ द्या. स्नोमोबाइलचा थर्मोस्टॅट बहुधा कारच्या मानाने कमी तापमानाला उघडतो, तेव्हा कारचा आणून बसवण्याचा उद्योगही नको.

रेडिएटरला फॅन लावणार असाल तर: रिले, फ्यूज, पाण्याच्या प्रवाहात बसवलेला थर्मल स्विच. स्टेटर (गाडीची वीज बनवणारा भाग) एवढा करंट देतो का ते आधी तपासा. गरम हँडल, गरम अंगठा आणि दिवे सगळं चालू असताना, आयडलवर, मीटर लावून.

होज आणि क्लॅम्प. सिलिकॉनचे होज दिसायला छान, पण साध्या दातेरी क्लॅम्पने कापले जातात आणि कडाक्याच्या थंडीत सांध्यांतून झिरपतात. त्यांना आतून गुळगुळीत पट्टी असलेले क्लॅम्प घ्या, किंवा साध्या रबरी होजवर स्प्रिंगचे क्लॅम्प लावा, थंडी-गरमीत ते स्वतःच घट्ट होत राहतात. पाइपच्या टोकाला उठलेली कड असलीच पाहिजे. सायलेन्सर, क्लच आणि स्टिअरिंगचे दांडे यांच्यापासून होज लांब बांधा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. भरण्याआधी हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरून थोडा वेळ थांबा. दाब उतरला तर गळती शोधा, कूलंट नंतर.

कूलंट ॲल्युमिनियमला चालणारं, आणि आत आधी होतं त्याच जातीचं. नाहीतर सगळं धुऊन काढा. पाणी डिस्टिल्ड, नळाचं नाही. इथिलीन ग्लायकॉल निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं, साठ टक्के ग्लायकॉलला उणे 50 च्या जवळ. त्याहून जास्त घालून फायदा नाही, उलट नुसतं ग्लायकॉल उणे 13 लाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. निम्मं-निम्मं मिश्रण समुद्रसपाटीला 107 अंशांच्या जवळ उकळतं, एक बारची कॅप त्यात साधारण वीस अंशांची भर घालते. डोंगरात उंचीवर हा सगळा हिशोब खाली येतो. मूळ गाडीपेक्षा जास्त दाबाची कॅप लावण्याचा मोह मात्र आवरा, सगळ्यात कमजोर जोड आधी फाटेल.

आता हवा. रेडिएटर बसवण्याआधी त्यात पाणी भरून मोजा, नवीन होजचंही मोजा. मॅन्युअलमधली मूळ क्षमता अधिक हे, एवढं कूलंट आत गेलंच पाहिजे. कमी गेलं तर उरलेल्या जागेत काय आहे? हवा. दुसरं काही नाही. ‘बाटली भरली म्हणजे झालं’ हे चूक आहे. बाटली भरलेली दिसते आणि मागचा कूलर रिकामा असतो.

पंप पाणी ढकलतो, हवेपुढे त्याचं काही चालत नाही. उंच कोपऱ्यात हवा धरली की प्रवाह तिथे तुटतो: पलीकडे कूलर गार, अलीकडे इंजिन उकळतंय. आणि तापमानाचा सेन्सर त्या पोकळीत सापडला तर तो पाण्याचं तापमान सांगतच नाही. काटा निवांत पडलेला आणि आत सिलिंडर खरवडला जातोय. म्हणून काट्यावर विश्वास ठेवून निघू नका.

भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल अशी गाडी कलती करा. बाटली पुढे असेल तर पुढचा भाग उचलावा लागतो, पण मॉडेलप्रमाणे फरक पडतो, मॅन्युअल उघडा. ब्लीड स्क्रू सैल करा, कूलंट सावकाश ओता, होज हाताने दाबत राहा, बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की स्क्रू आवळा. मग गाडी मोकळ्या हवेत, स्टँडवर, मागे कुणी उभं नाही हे बघून चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. तो बंद असतो तोवर पलीकडचा भाग नीट भरलेलाच नसतो, म्हणून पहिल्यांदा काढलेली हवा ही अर्धीच. इथे बर्फ नाही, तेव्हा उगाच रेंगाळू नका, काटा वर जायला लागला की बंद. प्रत्येक कूलरला हात लावायचा तो इंजिन बंद करून, ट्रॅक थांबल्यावर. सगळे कोमट हवेत. एखादा गार लागला तर तिथे हवा आहे. पूर्ण थंड होऊ द्या, पातळी उतरलेली असेल, भरा, परत हवा काढा. हो, परत. पहिल्या छोट्या फेरीनंतर गार गाडीवर पातळी बघा आणि अजून एकदा हवा काढा. कॅप गरम असताना उघडू नका, हे सांगायला नको.

पहिली फेरी जवळच, ताज्या बर्फाच्या बाजूने. मग कडक ट्रेल. काटा चढला तर बाजूच्या मऊ बर्फात उतरून हळू चालवा, कूलरवर भुगा लागला की काटा उतरतो. नसेलच बर्फ तर थांबा, बंद करा.

बरोबर घ्यायचं सामान: कूलंटची बाटली, जास्तीचे क्लॅम्प, होजचा तुकडा, स्क्रू ड्रायव्हर, जास्तीचा पट्टा, टॉर्च. क्लॅम्प पहिल्या फेरीनंतर एकदा आवळा. जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून द्या, जमिनीवर ओतू नका; ते गोड लागतं, कुत्रे चाटतात आणि मरतात.