शिक्षक ते मंत्री : मराठवाड्यातील एखादी कारकीर्द कशी लिहावी

एखादे गुरुजी पुढे आमदार आणि मंत्री झाले की त्यांच्या गौरवग्रंथात शिक्षकीची वर्षे बहुधा एका परिच्छेदात उरकली जातात. माझ्या मते लेखनाची खरी मेहनत याच वर्षांवर घ्यावी, कारण ज्यांना त्यांनी शिकवले तीच मुले आणि त्यांचे पालक पुष्कळदा त्यांचे पहिले कार्यकर्ते झालेले असतात.

प्रथम नोकरी कोणाची होती हे ठरवावे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, त्यामुळे त्याआधीच्या शिक्षकाला ‘जिल्हा परिषद शिक्षक’ म्हणणे चूक ठरते. कुटुंबीयांच्या संमतीने सेवापुस्तिका पाहावी, शाळेतील शेरेबुक (तपासणीसांचे शेरे लिहिलेली वही) व हजेरीपट चाळावेत आणि राजीनाम्याची तारीख उमेदवारी अर्जाच्या तारखेशी ताडून पाहावी. शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नसल्याने हा दुवा महत्त्वाचा असतो.

मराठवाड्यात खरी अडचण गावांच्या आणि सनांच्या नोंदींची येते. निजामी राजवटीतील दाखल्यांवर फसली सन (त्या काळची सरकारी कालगणना) असतो; त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे हाती लागतो. उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबादेत गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्यात आले. म्हणून एकाच माणसाच्या कागदांवर तीन जिल्हे दिसले, तर तीन बदल्या झाल्या असे समजू नये. त्या काळचा जिल्हा लिहून आजचा सोबत द्यावा. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हेही तरुण वाचकाला सांगावे लागते.

राजकीय टप्प्यात एक गैरसमज टाळावा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तेथे मतदार माध्यमिक वा त्यावरील संस्थांमधील शिक्षक असतात, उमेदवार मात्र शिक्षकच असावा असे बंधन नाही. त्यामुळे त्या मतदारसंघातून निवडून येणे हा शिक्षक असल्याचा पुरावा होत नाही, आणि प्राथमिक शाळेतील गुरुजींना तर तेथे मतच नसते. तसेच मंत्रिपद हाच कारकिर्दीचा कळस मानू नये. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते आणि पुढे लोकसभेचे सदस्य झाले, मंत्री कधीच झाले नाहीत. तरीही मराठवाड्याच्या राजकारणात त्यांच्याइतका प्रभाव फार थोड्या मंत्र्यांच्या वाट्याला आला.

मंत्रिपदाविषयी लिहिताना कॅबिनेट, राज्य आणि उपमंत्री यांत भेद करावा, शपथविधी व खातेवाटप यांच्या तारखा राजपत्रातून स्वतंत्रपणे घ्याव्यात. सभागृहाचे सदस्य नसताना शपथ घेतली असेल, तर सहा महिन्यांच्या आत ते कोठून निवडून आले हे नोंदवावे.

‘ही योजना साहेबांनी आणली’ असे लिहिण्यापूर्वी थांबावे. शासन निर्णयावर मंत्र्याचे नाव नसते; तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघतो आणि खाली अधिकाऱ्याची सही असते. श्रेय कोणाचे हे शोधायचे तर विधिमंडळाच्या कार्यवाहीतील अर्थसंकल्पी मागण्यांवरची चर्चा वाचावी, आणि त्यात मंत्र्याच्या उत्तरात ती योजना सापडली तरच ती त्यांच्या नावावर, कार्यवाहीच्या तारखेसह, लिहावी.